आधी मान पाह्यू: सीताबर्डीच्या गिटारवाल्या काकांना आभारपत्र

नागपूर

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

जुनी इलेक्ट्रिक गिटार घेऊन जो कोणी तुमच्या दुकानाची पायरी चढतो, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "भाग सुटे करून विकली तर किती येतील?" तुमचं उत्तरही ठरलेलं: "आधी मान पाह्यू." त्या तीन शब्दांबद्दल हे जाहीर आभार. चांगल्या चालत्या गिटारी नुसत्या घाईपायी सुट्या होतात आणि शेवटी पलंगाखाली एक रिकामी बॉडी धूळ खात पडते. तुमच्यामुळे आपल्या गावात अशा कितीतरी वाचल्या.

मान, म्हणजे बॉडीतून पुढे गेलेला लांब दांडा, पाहायची तुमची रीत इथे मुद्दाम लिहितो. जाडी तार पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) दाबायची, शिवाय मान बॉडीला जिथे भिडते तिथल्या फ्रेटवरही दाबायची. मग सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट उरते ते बघायचं. पाव मिलिमीटर, म्हणजे जाडसर व्हिजिटिंग कार्डाएवढी, असली तर ठीक. जास्त असली तर तारा जरा सैल करून ट्रस रॉड (मानेच्या आतली धातूची सळई) पाव फेरा आवळायचा, तारा पुन्हा सुरात आणून परत मोजायचं. रॉडचा नट गरगर फिरतो आणि मान तशीच वाकडी राहते, तेव्हा रॉड गेलेला असण्याची शक्यता मोठी; अशी गिटार सुटी करायलाच हरकत नाही. पण गेलेला रॉड आणि घासलेला नट यांत लोक गल्लत करतात. बऱ्याच अमेरिकन फेंडर गिटारींना १/८ इंची ऍलन की लागते, म्हणजे ३.१७५ मिमी. घरातली ३ मिमीची की त्यात बसल्यासारखी वाटते आणि जोर लावला की आतले कोपरे गोल करून टाकते. चांगली मान अशी एका स्वस्त कीपायी बाद ठरते.

फ्रेट बघताना पहिल्या तिघांवर, बारीक तारांखाली, खाच पडली आहे का ते नखानं चाचपायचं. आणि हो, मे महिन्यातला निकाल शेवटचा धरायचा नाही. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात फिंगरबोर्डचं, म्हणजे फ्रेट बसवलेल्या फळीचं, लाकूड आक्रसतं, फ्रेटची टोकं बाजूनं बोटाला खुपतात. गिऱ्हाईक लगेच "फ्रेट निघून राहिले" म्हणत भाव पाडतं. निघत काही नसतात. टोकांवरून बारीक कानस तिरकी फिरवली की काम होतं. कूलरसमोर उभी ठेवलेली गिटार मात्र वेगळं प्रकरण. तिच्या ब्रिजवरचे, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात त्या भागावरचे, तारांची उंची ठरवणारे बारीक स्क्रू गंजून जाम झालेले असतात, आणि जबरदस्तीनं फिरवले की त्यांची डोकी खलास.

आता तुमचा पाटीवरचा हिशेब. समजा, गिटार अख्खी १५,००० ला जाते. सुटी केली तर मान ५,५००, पिकअपसकट (तारांचा आवाज उचलणाऱ्या चुंबकी कॉइली) पूर्ण पिकगार्ड (बॉडीवरची प्लास्टिकची पट्टी) ४,५००, ब्रिज १,८००, खुंट्यांचा संच १,५००, बॉडी ३,५००. एकूण १६,८००. वरचे १,८०० पाहून माणूस स्क्रू ड्रायव्हर शोधायला लागतो. पण मान आणि पिकअप लगेच उचलले जातात, बॉडीला कोणी विचारत नाही. ती अडकली की हातात १३,३००, तेही चार पार्सलांचा खर्च धरायच्या आधी. मान गेल्यावर उरलेलं अख्खं म्हणूनही विकता येत नाही, हे तर कोणी मोजतच नाही.

सुटं करून खरोखर फायदा होतो तो एकाच जागी: नंतर बसवलेला महाग माल. कंपनीचे मूळ पिकअप पिशवीत जपून ठेवलेले असतील तर ते परत बसवायचे, गिटार मूळ रूपात विकायची आणि महाग पिकअप वेगळे. गिटारीसकट दिले तर त्यांचे पैसे जवळजवळ कोणी मोजत नाही.

पिकअप विकण्याआधी मोजायचे, तेही पिकगार्ड न उघडता. जॅकमध्ये केबल घालायची, व्हॉल्यूम पूर्ण, मल्टिमीटर २० किलोओहमवर, एक टोक केबलच्या टोकाला आणि दुसरं तिच्या दांड्याला. सिंगल कॉइल साधारण साडेपाच ते सात, हंबकर (दोन कॉइलींचा पिकअप) सात ते नऊ, जोरकस असला तर चौदा-पंधराही. पिकअप निवडायच्या पाच खटक्यांच्या स्विचवर १, ३, ५ हीच घरं बघायची. २ आणि ४ वर दोन पिकअप समांतर लागतात आणि आकडा निम्म्यावर येतो. मीटरनं नुसता '१' दाखवला आणि रेंज वाढवल्यावर २५० च्या आसपास आकडा आला, तर तो पिकअपचा नाहीच, व्हॉल्यूमच्या पॉटचा, म्हणजे बटणाखालच्या रेझिस्टन्सचा. कॉइल तुटलेली आहे. ही शेवटची गोष्ट दुसऱ्या कोणी इतकी नीट सांगितलेली नाही.

काढताना वायर कातरायची नाही, पॉटच्या पाठीवरचं सोल्डर वितळवून सोडवायची. बोटभर वायर उरलेला पिकअप घ्यायला कोण येणार? स्क्रू ड्रायव्हर निसटून कॉइलला लागला तरी खेळ खतम. ती तार जेमतेम ०.०६ मिमीची असते. मान काढली की खाचेतला कागदाचा किंवा लाकडी पापुद्राही तिच्यासोबत द्यायचा. तो कचरा नव्हे, मानेचा कोन तोच सांभाळतो.

हे सगळं चार स्क्रूवर बसलेल्या मानेचं. चिकटवलेल्या मानेच्या गिटारीला सुटं करण्याचा विचारच नको. तिथे हेडस्टॉकच्या (खुंट्या असलेल्या टोकाच्या) पाठीमागे, नटजवळ (तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीजवळ), जुना तडा आहे का ते बघायचं आणि असला तर फोटोत दाखवायचा. नावही नीट वाचायचं: गिब्सन अमेरिकेची, गिव्हसन कोलकात्याची. एका अक्षरात किमतीचं शून्य बदलतं.

सुटा माल विकताना 'स्ट्रॅटला (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरला) बसेल' एवढं लिहून भागत नाही. ब्रिजच्या सहा स्क्रूंत पहिल्यापासून शेवटच्यापर्यंतचं अंतर ५६ मिमी की ५२.५? खुंट्यांची भोकं १० मिमीची की लहान? मानेची स्केल (नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी) ६४८ मिमी आहे का? टेप लावून फोटो टाकला की परत येणारी पार्सलं कमी होतात.

कुरिअरचा काटा वजनावरच चालतो असं नाही. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात आणि जो आकडा मोठा तो लावतात. ११० × ४० × १५ चा खोका १३.२ किलोचा धरला जातो, आत गिटार चारच किलोची असली तरी. नुसती मान ७० × १२ × १० मध्ये जाते, १.७ किलोच्या आत. म्हणून अख्खी गिटार शक्यतो गावातच, हातोहात आणि ऍम्पला लावून दाखवून द्यावी, हा तुमचा आग्रह बरोबरच आहे.

आपले,
नागपुरातले गिटारवाले

ता. क. ऍक्टिव्ह पिकअपच्या गिटारीतली ९ व्होल्टची बॅटरी विकण्याआधी काढायची, हे लिहायचं राहिलं. जॅकमध्ये केबल राहिली की ती उतरत राहते आणि एकदा पाझरली की डब्यातले कॉन्टॅक्ट खाते.