आईचा रविवारचा फोन

एडिनबरा
१९ ऑक्टोबर

प्रिय दादा आणि वहिनी,
सप्रेम नमस्कार.

वहिनी, तुम्ही लिहिलंत की आई फोनवर आली की पाच मिनिटांत "बरं, ठेवते" म्हणते, आणि मग दिवसभर "पोरं धड बोलतच नाहीत" म्हणून कुरकुरते. यात कुणाचंच चुकत नाही. लक्षाला जागाच मिळत नाहीये, आणि त्याची बरीचशी कारणं तुमच्या हॉलमध्येच आहेत.

आधी कानाचं. वयाबरोबर बारीक, उंच पट्टीचे आवाज पहिल्यांदा जातात. स्वर ऐकू येतात, पण स, श, फ, थ निसटतात. समोरचा "सात" म्हणाला की "हात", हे आईला दरवेळी अंदाजाने जुळवावं लागतं. सगळं लक्ष त्यातच खर्च होतं, मग बोलण्यात रस कुठून उरणार? म्हणून फोनच्या वेळी पंखा एकवर, कुकर आधीच उतरवलेला आणि टीव्ही बंद. नुसता म्यूट नको, हलतं चित्र डोळे ओढून घेतंच. हॉलच्या फरशीवर आवाज घुमतो. त्यापेक्षा गादी-पडदे असलेल्या आतल्या खोलीत बसवा. आणि दादा, मोठ्याने ओरडून सांगू नका. ओरडल्यावर स्वर फुगतात, व्यंजनं तशीच दबलेली राहतात. थोडं सावकाश, तोंड समोर ठेवून बोललं की पुरतं.

स्पीकरवर आणखी एक गोची होते. दोघं एकदम बोलले की घुमणारा आवाज दाबायला फोन एकाचा आवाज बारीक करतो. आपल्याकडे ऐकणारा सतत "हं", "हो का", "अगंबाई" म्हणतच असतो. त्या प्रत्येक "हं"ला बोलणाऱ्याचा एखादा शब्द तुटतो. मग ऐकणारा गप्प बसायला शिकतो, आणि बोलणाऱ्याला वाटतं, याचं लक्षच नाही. साधा वायरचा हेडफोन लावला की हे जवळजवळ थांबतं. आईला कानात घालायचे टोचत असतील तर कानावर बसणारा घ्या.

नेटच्या उशिराचंही तसंच. समोरासमोर बोलताना एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण ०.२ सेकंद लागतात. फोनवर त्यात थोडी भर पडली तरी दोघं एकमेकांच्या बोलण्यात शिरतात. २०१४ साली जर्मनीतल्या संशोधकांनी मुद्दाम लाइनमध्ये उशीर घालून पाहिला. लोकांनी दोष लाइनला दिला नाही, समोरच्या माणसाला दिला: हा लक्ष देत नाही, तुटक बोलतो. तेव्हा फोन राउटरच्या खोलीत ठेवा, आणि चित्र अडकायला लागलं तर सरळ व्हिडिओ बंद करून नुसतं बोला.

व्हिडिओ चालू असेल तर फोन आईच्या हातात देऊ नका, नुसतं कपाळ दिसतं. डब्यांना टेकवून डोळ्यांच्या उंचीला, हातभर अंतरावर ठेवा. खिडकी तिच्या समोर हवी, पाठीमागे नको. आणि दादा, शेजारी बसून तुम्ही स्वतःचा मोबाइल चाळू नका. तिची नजर तिकडेच जाते.

आता बोलायचं काय. सिएटलमध्ये जॉन गॉटमन या मानसशास्त्रज्ञांनी नवविवाहित जोडप्यांच्या साध्या बोलण्याचा अभ्यास केला. एक जण सहज काही म्हणतो, "बघ, पाऊस आला". दुसरा वळून बघतो किंवा बघत नाही. सहा वर्षांनी जी जोडपी एकत्र होती, त्यांनी अशा शंभर हाकांतल्या ८६ ना ओ दिली होती. जी वेगळी झाली, त्यांनी ३३ ना. अभ्यास नवरा-बायकोचा असला तरी आमच्या मते मायलेकरांत वेगळं काही घडत नाही. आई म्हणते, "जास्वंदीला कळ्या आल्यात." त्यावर "अरे वा. बीपीची गोळी घेतलीस ना?" हे उत्तर काळजीचं आहे, पण ओ नाही. "कुठली गं, लाल की पिवळी? दाखव की" ही ओ. मग फोन उचलून झाडापाशी न्या. दोघं एकाच वस्तूकडे बघायला लागले की बोलणं आपोआप चालतं. गोळ्यांची चौकशी आम्ही तुम्हाला वेगळी विचारू, तिच्या वेळेत नको.

आमच्या छोट्यालाही हेच लागू. दीड वर्षाच्या पोराला पडद्यावरच्या आजीचं बोट नक्की कुठे चाललंय ते नीट उमगत नाही. तिने वाटी-चमचा घ्यावा, इकडे त्याच्यापुढे तसाच वाटी-चमचा असेल, आणि आमच्यापैकी एक जण शेजारी बसून दाखवत राहील. पाच-सात मिनिटं खूप झाली. त्याने तोंड फिरवलं की "आजीकडे बघ, आजीकडे बघ" असा आग्रह नको. त्याचं झालं, एवढंच.

आणि वेळ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे जातात. आता तुमचे चार म्हणजे आमचे साडेअकरा. त्या दिवसापासून साडेदहा. फोनची वेळ तुमच्या घड्याळाने चारच ठेवू, तेव्हा आई झोपून उठलेली असते आणि चहा झालेला असतो. आमचा तास आम्ही हलवतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा उलटं, तेव्हाही तुम्ही काही बदलू नका.

हेडफोन घेताना तुमच्या फोनला गोल पिन लागते की टाइप-सी, ते बघून घ्या.

तुमची धाकटी
(आणि इकडची मंडळी)