गरोदर विद्यार्थिनींसाठी लेखी नियम हवेत

प्रति,
संपादक

महोदय,

माझी सून नाशिकमधील एका महाविद्यालयात एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. सातव्या महिन्यात डॉक्टरांनी तिला प्रयोगशाळेतील वाफांपासून दूर राहण्यास आणि फार वेळ उभे न राहण्यास सांगितले, तेव्हा त्यांची चिठ्ठी घेऊन मी स्वतः तिच्यासोबत महाविद्यालयात गेले. कार्यालयाने विभागाकडे पाठविले, विभागाने प्राचार्यांकडे, आणि अखेर उत्तर मिळाले की आजारपणाचा दाखला चालेल, गरोदरपणासाठी मात्र काही नियम नाही. कुणीही तिला टाकून बोलले नाही, उलट शिक्षकांना तिची काळजीच वाटत होती. तरीही हजेरी भरली नाही, प्रॅक्टिकल राहिली, टर्म मान्य झाली नाही आणि वर्ष गेले.

आधार मागण्याजोगे काहीतरी होते, हे आम्हाला फार उशिरा कळले. विद्यापीठ अनुदान आयोगाने १४ डिसेंबर २०२१ च्या पत्राने सर्व विद्यापीठांना पदवी व पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठी मातृत्व रजा, हजेरीतील सवलत आणि परीक्षा अर्जाच्या मुदतवाढीचे नियम करण्यास सांगितले आहे. पीएच.डी. करणाऱ्या स्त्रीला आयोगाच्याच विनियमांनुसार संपूर्ण संशोधनकाळात २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. नोकरदार स्त्रीच्या हाती मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीनंतर २६ आठवड्यांची कायदेशीर रजा आहे, पण विद्यार्थिनी कर्मचारी नसल्याने तो कायदा तिच्या उपयोगाचा नाही. मे २०२३ मध्ये मेरठच्या चौधरी चरणसिंह विद्यापीठातील एम.एड.च्या विद्यार्थिनीला मातृत्व रजेच्या हजेरीसाठी दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले, आणि न्यायालयाने तिची मागणी फेटाळणारा विद्यापीठाचा निर्णय रद्द केला. पेठ-सुरगाण्यासारख्या दूरच्या तालुक्यातून येऊन सीबीएसवर, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावर, उतरून कॉलेज गाठणारी मुलगी हजेरीसाठी न्यायालयात कशी जाणार?

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे की विद्यार्थिनीला केवळ रजा देऊन भागत नाही. नोकरीत रजेवरून परतणाऱ्या स्त्रीची जागा शाबूत असते. शिक्षणात मात्र रजेच्या काळात झालेली प्रॅक्टिकल, अंतर्गत मूल्यमापन आणि सत्र परीक्षा पुन्हा देण्याची सोय नसेल, तर मंजूर झालेली रजासुद्धा वर्ष वाया घालविण्याची परवानगीच ठरते. म्हणून प्रॅक्टिकल आधी किंवा नंतर उरकण्याची मुभा, अंतर्गत गुणांसाठी पर्यायी काम, परीक्षा केंद्रावर तळमजल्याची खोली आणि मधल्या वेळेत बाळाला पाजण्यासाठी आडोशाची जागा, एवढे तरी नियमात स्पष्ट लिहिलेले असावे. शिक्षकाच्या चांगुलपणावर हे सोपविले की एका विभागात सवलत मिळते आणि शेजारच्या विभागात नाही.

‘शिक्षण होईपर्यंत थांबायचे होते’ असे आम्हाला अनेकांनी ऐकविले. लग्न केव्हा आणि मूल केव्हा, हे ठरविणे आपल्याकडे किती मुलींच्या हातात असते? ज्या घरांनी लग्नानंतरही सुनेला शिकू दिले, त्यांच्या हातून ती संधी कागदाअभावी निसटू नये.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठाने, ज्याचे मुख्यालय आपल्याच शहरात आहे, याविषयी लागू असलेले नियम मराठीत, ठळकपणे, प्रत्येक महाविद्यालयाच्या फलकावर आणि प्रवेशपुस्तिकेत छापावेत. जेथे ते अपुरे असतील तेथे नवीन सत्रापूर्वी पूर्ण करावेत. कोणाकडे अर्ज करायचा आणि किती दिवसांत उत्तर मिळेल, हेही त्यात असावे. सून जुलैत पुन्हा प्रवेश घेणार आहे. बाळ माझ्याजवळ राहील, पण तीन तासांच्या प्रॅक्टिकलनंतर त्याला पाजायला तिने कुठे बसायचे, हे महाविद्यालयाने अद्याप सांगितलेले नाही.

आपली,
एक सासू व पालक
पंचवटी, नाशिक