वजन उचलायला मऊ बूट? नको हो!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जिम सुरू करणाऱ्यांसाठीचा तुमच्या पुरवणीतला लेख वाचला, बाकी छान होता, पण बुटांबद्दल एकच वाक्य आणि तेही "चांगलं कुशन असलेले स्पोर्ट्स शूज घ्या"! पळणाऱ्यांसाठी ठीक आहे, पण खांद्यावर बार घेऊन खाली बसणाऱ्याला हे सांगणं म्हणजे गादीवर उभं राहून वजन उचल म्हणण्यासारखं झालं.

मी स्वतः हेच केलेलं. वर्षभर जाड फोमवाले रनिंग शूज घालून स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठका) मारले, वजन वाढवलं तसा उजवा गुडघा आत पडायला लागला, सगळे म्हणाले पाय कमजोर आहेत, मीही तेच धरून बसलो. मग एकदा बूट फरशीवर ठेवून मागून बघितले तर उजवी टाच आतल्या बाजूने पार दबलेली, बूट रिकामा असूनही कललेला! ते काढून नुसत्या पायांनी तेच वजन घेतलं तर गुडघा बराच सरळ राहिला. सगळा दोष बुटांचा नसेलही, पण थोडाथोडका पण नव्हता.

पळताना दणका खायला फोम लागतो, पण वजन उचलताना आपण जमीन ढकलतो आणि ती ढकल फोम गिळतो, वर एका बाजूला जास्त दबतो तो वेगळाच. म्हणून वेटलिफ्टिंगच्या बुटांची टाच लाकडाची किंवा कडक प्लास्टिकची असते आणि पंजापेक्षा साधारण १५ ते २२ मिमी उंच. उंच टाचेमुळे गुडघे पुढे जातात, पाठ जास्त उभी राहते, घोटे आखडलेला माणूसही खोल बसू शकतो, स्नॅच (बार जमिनीवरून एका दमात डोक्यावर) आणि क्लीनमध्ये (बार जमिनीवरून खांद्यांपर्यंत) बारखाली बसताना तर हे फारच कामाला येतं. वरचा पट्टा पण शोभेचा नाही बरं, जर्कमध्ये, म्हणजे खांद्यांवरचा बार डोक्यावर ढकलताना, पाय दाणकन आपटतो तेव्हा बुटाच्या आत तो सरकू नये म्हणून असतो.

दुकानात टाचेच्या सोलवर अंगठा जोरात दाबा, खड्डा पडला तर ठेवून द्या. रनिंग शूजमध्ये बोटांपुढे जागा सोडतो तशी इथे सोडू नका, बोटं चेंगरू नयेत आणि टाच उचलू नये, बस. वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेत उतरणार असाल तर सोल बुटाच्या बाहेर ५ मिमीपेक्षा जास्त आलेला चालत नाही, तेही बघा.

डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरचा बार हातात धरून सरळ उभं राहायचं त्याला, मात्र उलटं. टाच उंच झाली की भार पंजांवर येतो आणि बार तेवढा जास्त वर ओढावा लागतो, तिथे पातळ सपाट सोलचे साधे कॅनव्हास बरे. आणि नवशिक्यांनी लगेच महागडे बूट घ्यायची अजिबात गरज नाही, आधी भिंतीपासून चार इंचांवर पायाचं बोट ठेवून टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतोय का बघा, टेकला तर सपाट बुटांतही बराच काळ निभतं.

पुढच्या पुरवणीत एवढी दुरुस्ती छापलीत तर बरं होईल. माझे ते फोमवाले बूट अजून आहेत, सकाळी चालायला एक नंबर!

आपला,
एक नियमित वाचक