समुद्रातील केबल आणि नांगराचा धोका

संपादक महोदय,

नोव्हेंबर २०२४ मध्ये बाल्टिक समुद्रातील दोन इंटरनेट केबल दोन दिवसांत तुटल्या. संशय नांगर ओढत गेलेल्या जहाजावर होता. घातपात करणाऱ्याला नांगर सोयीचा पडतो, कारण ‘चुकून सुटला’ म्हटले की हेतू सिद्ध करणे महाकठीण. शिवाय किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे कारवाईचा अधिकार मुख्यतः जहाज ज्या देशाचा ध्वज लावते, त्या देशाकडे असतो.

खोल समुद्रात ही केबल जेमतेम दोन सेंटीमीटर जाड असते. किनाऱ्याजवळ तिच्यावर पोलादी तारांचे कवच असते, ती तळात मीटरभर पुरलेली असते. पण मऊ गाळात मोठा नांगर त्याहून खोल रुततो. दुरुस्तीजहाज गळाने तुटके टोक वर काढते, तरंगत्या बोयाला बांधते, दुसरे टोक शोधते आणि मध्ये नवा तुकडा घालून केसाएवढे काचतंतू एकेक करून जोडते. त्यासाठी समुद्र शांत लागतो. पावसाळ्यातला अरबी समुद्र डोळ्यांसमोर आणा!

वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अनेक आंतरराष्ट्रीय केबल जवळजवळ उतरतात. हे आम्हाला सर्वांत धोक्याचे वाटते. भारतीय ध्वजाच्या दुरुस्तीजहाजांसाठी सवलती देण्याची शिफारस दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने जून २०२३ मध्येच केली आहे. ती तातडीने अमलात आणावी. नव्या केबल दुसऱ्या किनाऱ्यांवर उतरवाव्यात आणि केबलमार्गावर अकारण वेग मंदावणाऱ्या जहाजाला तटरक्षक दलाने लगेच रेडिओवरून हटकावे.

— दूरसंचार क्षेत्रातील काही अभियंते, मुंबई