अक्का, पानं आता रात्रीच भिजवते

अक्का,

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल. तेलुगू तुम्ही भराभर वाचता, पण मराठी अक्षरं लावत बसायचा तुम्हाला कंटाळा येतो, हे मला ठाऊक आहे. तरी मराठीतच लिहितेय, आणि चार लोकांना वाचता येईल असं लिहितेय. तुमच्यासमोर कधी आभार मानायला गेले की तुम्ही "उगी गं" म्हणून विषय बदलता. इथे तुम्हाला तो बदलता येणार नाही.

यंदाच्या संक्रांतीला सात वर्षं झाली. २०१९ चा जानेवारी होता, सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरलेला होता आणि माझ्या हातात रिपोर्ट होता. तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ६.३. डॉक्टर म्हणाले, अजून मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहात, रोज चाला. पतसंस्थेच्या काउंटरवर दहा ते सहा बसून माझं वय शेहेचाळीस झालं होतं. त्याआधी तीनदा व्यायाम सुरू करून तीनदा सोडला होता. एकदा तर जिमची वर्षाची फी भरली आणि एकोणीस दिवस गेले. त्या पैशांपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीचं वाईट वाटायचं. आपल्या अंगात चिकाटीच नाही, असं मी स्वतःबद्दल ठरवून टाकलं होतं.

तुम्ही तेव्हा अजून विड्या वळत होतात. संध्याकाळी ओट्यावर, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. मी शेजारी बसून रडगाणं सांगितलं की सकाळी उठते, पण बूट सापडत नाहीत, ओढणी सापडत नाही, मग चहाच ठेवते, मग डब्याची वेळ होते. तुमची बोटं थांबली नाहीत. पान गुंडाळायचं, टोक दुमडायचं, दोऱ्याचे दोन वेढे, तोडलं. मग म्हणालात, "पानं रात्री भिजवायला लागतात गं. सकाळी भिजवायला बसलं की दिवस गेला. कोरडं पान वळत नाही, तुटतंय."

एवढंच. व्यायामावर तुम्ही एक शब्दही बोलला नाहीत. मी त्या रात्री बूट दाराशी ठेवले, मोजे त्यात कोंबले, ओढणी खुंटीला, किल्ली ओढणीच्या गाठीत. सकाळी सहाला कडी वाजली. दारात तुम्ही, पायात चपला, डोक्यावर पदर. "चल की."

मी विचारलं होतं, तुम्ही कशाला येता, तुम्हाला कुठे साखर आहे? तुम्ही म्हणालात, "चाळीस वर्षं मांडी घालून बसले. आता जरा उभं राहू दे मला." हजार विड्यांवर मजुरी मिळते, म्हणजे हजार होईपर्यंत उठायचं नाही, हे शेजारी राहून मी आयुष्यभर पाहिलं होतं. पण त्या बसण्याने तुमच्या कमरेचं आणि गुडघ्यांचं काय झालं होतं, ते त्या सकाळी तुमच्या बरोबरीने चालताना पहिल्यांदा कळलं. किल्ल्याच्या तटापर्यंत तुम्ही दोनदा थांबलात. दम मला लागला होता, गुडघा तुमचा धरला होता, आणि तलावापलीकडे सिद्धेश्वराचं देऊळ उजळत होतं.

आता खाड्याबद्दल, म्हणजे चुकलेल्या दिवसाबद्दल लिहिते, कारण माझ्या मते तिथेच सगळं आहे. सोलापुरात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. गिरण्या बंद पडल्या तरी शब्द राहिला. तुमचे वडील गिरणीत होते आणि तुम्ही त्यांचं सांगायचात: एक खाडा माणसाला होतोच, पोर आजारी पडतं, पाहुणा मरतो. दुसरा खाडा लागून झाला की तिसरा आपोआप होतो. म्हणून आपला नियम ठरला. एक खाडा माफ, त्याबद्दल हळहळायचंही नाही. दुसऱ्या दिवशी मात्र काहीही होवो, दहा मिनिटं तरी निघायचं.

पुढे भाचीने मला लंडनमधल्या एका अभ्यासाचं वाचून दाखवलं. ९६ माणसांना रोज एक नवी गोष्ट करायला सांगितली होती. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. पण माणसामाणसांत फरक केवढा! कुणाचं १८ दिवसांत भागलं, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. पाणी पिण्यासारखी साधी सवय लवकर लागली, व्यायामाची उशिरा. आणि मधला एखादा दिवस चुकला म्हणून सवयीचं काही बिघडलं नाही. ते ऐकून मला भरून आलं. एकोणिसाव्या दिवशी जिम सोडली तेव्हा मी स्वतःला दोष दिला होता. खरं तर सवय लागायची वेळच आली नव्हती.

डॉक्टरांनीही दोन खाड्यांचंच सांगितलं, त्यांच्या भाषेत. चालल्याने स्नायू रक्तातली साखर चांगली उचलतात, पण तो गुण दोन-तीन दिवसांत ओसरतो. म्हणून सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड नको. मी त्यांना म्हटलं, हे आमच्या अक्का आधीपासून सांगतात.

पाण्याच्या दिवसांचा प्रश्नही तुम्हीच सोडवलात. चार-पाच दिवसांनी नळ येणार, तोही पहाटे, आणि ते पाणी सोडून फिरायला कोण जाईल? तुम्ही म्हणालात, मग कळशाच उचल. दोन्ही हातांत सारख्या, पाठ ताठ, जिन्यावरून वर. त्या दिवसाला आपण खाडा धरला नाही. आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं आणि दोन दिवस स्नायूंना ताकदीचं काम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते दुसरं काम माझ्याकडून नळाने करून घेतलं. आता पाण्याचा दिवस नसला तरी आठवड्यातून दोनदा भरलेली कळशी घेऊन मी जिना चढते.

एप्रिल-मेचं काय सांगू. पारा बेचाळीसच्या वर गेला की सातलाच ऊन चावायला लागतं. आपण पाचला निघायचो, पदराला लिंबू बांधून.

२०२० च्या टाळेबंदीत मला वाटलं होतं, आता संपलं. तुम्ही गच्चीवर एका वाटीत चिंचोके घेऊन आलात. एका फेरीला एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. पंचवीस झाले की म्हणायचात, "एक कट्टा झाला." विड्यांचा कट्टा बांधावा तसंच. मी विचारायचे, आज किती करायच्या? तुम्ही सांगायचा नाहीत. "हजार म्हटलं की हात जड होतंय. कट्टा बघ." चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, त्या गच्चीच्या चार भिंतींमध्ये आपण किती कट्टे बांधले असतील! ती चिंचोक्यांची वाटी अजून माझ्या फळीवर आहे.

आणि २०२२ चा पावसाळा. आई गेली. त्याआधी दवाखान्यातले दोन महिने मी कसेबसे निभावले, रात्री आईला झोप लागली की कॉरिडॉरमध्ये दहा मिनिटं फेऱ्या मारायचे. ती गेल्यावर मात्र सगळं थांबलं. तेवीस दिवस. बूट दाराशी तसेच पडून राहिले, त्यांच्यावर धूळ बसली. मला वाटत होतं, तुम्ही आता काही बोलाल, आणि त्या बोलण्याची भीतीही वाटत होती.

चोविसाव्या दिवशी संध्याकाळी तुम्ही आलात. आईच्या फोटोपुढे बसलात. कॉफी घेतलीत. जाताना दारात वाकून माझे बूट उचललेत, पदराने पुसलेत आणि पुन्हा जोडीने ठेवलेत. म्हणालात, "सुकलेलं पान फेकत नाही गं आपण. परत भिजवतो."

मी दारातच रडले, अक्का. तुम्ही थांबला नाहीत, बरं झालं. सकाळी कडी वाजली. आपण तलावापर्यंत गेलोच नाही, पहिल्या चौकातून परत फिरलो. घरी आल्यावर तुम्ही म्हणालात, एक कट्टा झाला.

सात वर्षांत मी खूप सल्ले ऐकले. ध्येय ठेवा, वजनाचा तक्ता करा, रोज दहा हजार पावलं मोजा. सल्ले देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण दमलेल्या माणसाला ध्येयाने उठवता येत नाही. मला उठवलं ते दारावरच्या कडीने आणि रात्रीच तयार ठेवलेल्या बुटांनी. खंड पडल्यावर एका शब्दानेही न रागावता ते बूट तुम्ही पुसून ठेवलेत, म्हणून मी परत उभी राहिले. माझी साखर गेली तीन वर्षं ५.८ च्या आसपास आहे. पण त्याहून मोठी गोष्ट ही की 'माझ्यात चिकाटी नाही' हे वाक्य मी आता स्वतःबद्दल बोलत नाही.

तुमचे खूप खूप आभार, अक्का. मनापासून.

तुम्ही लेकीकडे भिवंडीला गेलात त्याला वर्ष होत आलं. पहिला आठवडा मी कडीची वाट पाहत पडून राहायचे. मग तुमचा मिसकॉल सुरू झाला, बरोबर पावणेसहाला, दोन रिंगा. मीही उलट दोन रिंगा देते. तुमच्याकडे फिरायला जागा अरुंद आहे म्हणालात, गुडघाही पुन्हा दुखतोय म्हणालात. चिंचोके इथून पाठवू का? भाचा पुढच्या आठवड्यात तिकडे येतोय, त्याच्याबरोबर वाटीसकट देते, शेंगाचटणीही देते. गुडघ्याला त्रास देऊ नका, पण एक कट्टा करा. पुढच्या गड्ड्याला याल तेव्हा नंदीध्वजांच्या मिरवणुकीमागून जमेल तितकं चालू, दमलो की वाटेत बसू.

उद्या पाण्याचा दिवस आहे. मिसकॉल पाचला द्या.