युद्धकाळातही प्रश्नोत्तराचा तास चालला पाहिजे

प्रति,
मा. संसदीय कार्यमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : युद्ध किंवा युद्धसदृश परिस्थितीत संसदेतील प्रश्नोत्तराचा तास चालू ठेवण्याबाबत लेखी आणि कायमस्वरूपी व्यवस्था करणे.

महोदय,

सविनय नमस्कार.

सीमेवर गोळीबार सुरू झाला की संसदेत मंत्र्यांना प्रश्न विचारू नयेत, निदान ते पुढे ढकलावेत, असा एक समज आपल्याकडे रुजला आहे. हा समज केवळ सत्ताधाऱ्यांचा नाही. विरोधी पक्षांनीही तो अनेकदा निमूटपणे मान्य केला आहे आणि आम्हा नागरिकांनाही त्यात देशभक्तीच दिसत आली आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ७५ नुसार मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते आणि त्या तरतुदीत युद्धकाळाचा अपवाद नाही. ही जबाबदारी रोजच्या रोज पार पाडण्याचे जे साधन संसदेकडे आहे, ते नेमके सर्वाधिक गरजेच्या दिवसांत बाजूला ठेवले जाते. ते तसे ठेवले जाऊ नये, यासाठी आपण पुढाकार घ्यावा, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

या विषयाचा विचार १९६२ पासून सुरू करावा लागतो. त्या वर्षी १२ ऑक्टोबरला पंतप्रधान पंडित नेहरू यांनी कोलंबोला जाताना पत्रकारांना सांगितले की, आपला प्रदेश मोकळा करण्याचे आदेश सैन्याला दिलेले आहेत. त्या वेळी संसदेचे अधिवेशन चालू नव्हते. इतका गंभीर निर्णय कोणत्या लष्करी सल्ल्यावर घेतला गेला आणि तो अमलात आणण्याइतकी तयारी नेफाच्या (आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या) डोंगरात आहे काय, हे संरक्षणमंत्र्यांना सभागृहात उभे करून विचारण्याची सोय कोणाकडेही नव्हती. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला आणि २६ तारखेला आणीबाणी जाहीर झाली. अटलबिहारी वाजपेयी यांच्यासह विरोधी सदस्यांनी अधिवेशन लवकर बोलावण्याची मागणी केली आणि सरकारने ती मान्य करून ८ नोव्हेंबरला संसद बोलावली. खासदार लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी गुप्त बैठक घेण्याची सूचना केली होती, पण हा विषय साऱ्या देशाच्या जिव्हाळ्याचा आहे, असे सांगून नेहरूंनी ती नाकारली. लोकसभेत १६५ सदस्य बोलले आणि १४ नोव्हेंबरला चिनी आक्रमणाविषयीचा ठराव संमत झाला. युद्ध चालू असताना उघड्या सभागृहात स्वतःच्या धोरणावर आठवडाभर टीका ऐकून घेणाऱ्या त्या सरकारचे या एका बाबतीतले मोठेपण मी मनापासून मान्य करतो.

मात्र त्याच अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास झाला नाही. प्रश्नांच्या संख्येवर आधी मर्यादा आली आणि नंतर सर्व पक्षांच्या सहमतीने तो तासच स्थगित झाला. सभागृह दुपारी बारा वाजता भरू लागले. भाषणे झाली, प्रश्न झाले नाहीत. भाषणात सदस्य आपले म्हणणे मांडतो आणि मंत्री अखेरीस त्यातील सोयीच्या मुद्द्यांना उत्तर देतो. तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराच्या, प्रश्नात तसे होत नाही. तिथे मंत्र्याला एका नेमक्या विचारणेचे उत्तर उभे राहून द्यावे लागते आणि उत्तर अपुरे असेल तर लागलीच पुरवणी प्रश्न येतो. ‘हिवाळी कपडे पोहोचले का, किती तुकड्यांना पोहोचले, उरलेल्यांना कधी पोहोचणार’ ही साखळी भाषणातून तयार होत नाही. ठराव संमत झाल्यानंतर काही दिवसांतच नेफातील से ला आणि बोमडिला ही ठाणी पडली. कोकणातून निवडून गेलेले बॅ. नाथ पै यांच्यासारखे अत्यंत तयारीचे संसदपटू त्या लोकसभेत होते. त्यांच्या हाती त्या दोन आठवड्यांत पुरवणी प्रश्नांचे साधन असते, तर युद्धाचा निकाल बदलला असता, असा दावा मी करणार नाही. परंतु सैनिकांच्या अंगावर काय आहे आणि हातात काय आहे, हे देशाला पराभवाच्या आधी कळले असते.

पुढे काय घडले, हे आम्हा महाराष्ट्रातील लोकांना विशेष ठाऊक आहे, कारण त्याच नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. पराभवाच्या लष्करी चौकशीचे काम लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांच्याकडे दिले गेले. २ सप्टेंबर १९६३ रोजी यशवंतरावांनी या चौकशीचे मुख्य निष्कर्ष लोकसभेत निवेदनाद्वारे सांगितले. अहवाल प्रसिद्ध करणे सार्वजनिक हिताचे नाही, असे म्हणून तो त्यांनी राखून ठेवला, तरी प्रशिक्षण, साधनसामग्री, आदेशव्यवस्था, जवानांची शारीरिक क्षमता आणि सेनाधिकाऱ्यांची कुवत या सर्व अंगांविषयी ते बोलले. साधनसामग्रीचा एकंदर तुटवडा होता, हे त्यांनी मान्य केले आणि अनेक ठिकाणी खरी अडचण सामान मैदानी प्रदेशातून पुढच्या चौक्यांपर्यंत वेळेत नेण्याची होती, हेही सांगितले. या निवेदनाने शत्रूच्या हाती काही लागले नाही, उलट सैन्याची फेरउभारणी कशासाठी करायची, हे लोकांना समजले. किती सांगायचे आणि किती राखायचे याचा विवेक राखूनही मंत्र्याला सभागृहाला पुष्कळ सांगता येते, याचा हा वस्तुपाठ आहे. त्या अहवालाचे मात्र तेच झाले, जे प्रश्नांपासून दूर ठेवलेल्या कागदांचे होते. २०१० मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्र्यांनी संसदेला लेखी कळवले की, त्यातील मजकूर अत्यंत संवेदनशील असून आजही त्याला लष्करी मोल आहे. २०१४ मध्ये एका परदेशी पत्रकाराने त्याचा काही भाग इंटरनेटवर टाकला, तेव्हा भारतीय नागरिकांना तो वाचायला मिळाला. आपल्याच पराभवाची कारणे परक्याकडून कळावीत, याचे दुःख कोणत्याही पक्षाच्या माणसाला व्हायला हवे.

गुप्ततेचा आक्षेप मी गांभीर्याने घेतो. सैन्याच्या हालचाली, पुढील बेत, शस्त्रांच्या मर्यादा आणि गुप्तवार्तांचे स्रोत यांविषयी सभागृहात एक शब्दही निघू नये, असेच माझे मत आहे. परंतु त्यासाठी प्रश्नोत्तराचा तास बंद करण्याची गरज नाही. लोकसभेच्या कार्यपद्धतीच्या नियमांत कोणता प्रश्न स्वीकारावा, याच्या अटी आधीपासून आहेत आणि स्वभावतः गुप्त असलेल्या बाबींवरचे प्रश्न नाकारण्याचा अध्यक्षांना पूर्ण अधिकार आहे. प्रश्नाची सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते, त्यामुळे मंत्र्याला कोणी बेसावध गाठते, असेही नाही. उत्तर देणे लोकहिताचे नाही, असे सांगण्याची मुभा मंत्र्याला नेहमीच असते. अगदीच वेळ आली, तर गुप्त बैठकीची तरतूदही नियमांत आहे. एवढी कुंपणे असताना दारच लावून घेणे मला समर्थनीय वाटत नाही.

उलट गुप्ततेच्या नावाखाली उणिवा झाकल्या जातात, याचा दाखला ब्रिटनमध्ये सापडतो. १९३८ मध्ये, युद्धाची चाहूल लागलेली असताना, डंकन सँडिस या खासदाराने लंडनच्या विमानविरोधी तोफांच्या तुटवड्याविषयीच्या प्रश्नाचा मसुदा युद्धमंत्र्यांना आधी खासगीत पाठवला. त्यातील माहिती गोपनीय असल्याचे दिसताच त्याच्यावर शासकीय गुपितांच्या कायद्याचा बडगा उगारला गेला. प्रकरण सभागृहाच्या विशेषाधिकार समितीकडे गेले आणि पुढील वर्षी तो कायदाच दुरुस्त करून मर्यादित करण्यात आला. तोफांचा तुटवडा खरा होता. प्रश्न विचारणाऱ्याने मंत्र्याला आधी विश्वासात घेतले होते, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे, कारण जबाबदार सदस्य युद्धकाळात साधारणपणे असेच वागतात.

त्याच देशाच्या कॉमन्स सभागृहाने दुसऱ्या महायुद्धात प्रश्नांचा तास चालू ठेवला. मे १९४१ मध्ये बॉम्बफेकीत सभागृहाची इमारत उद्ध्वस्त झाली, तरी दुसऱ्या जागी बसून कामकाज चालले. नॉर्वेच्या मोहिमेवरील चर्चेनंतर, मे १९४० मध्ये, बहुमत असतानाही पंतप्रधान चेंबरलेन यांना पद सोडावे लागले. उत्तर आफ्रिकेतील टोब्रुक हे ठाणे पडल्यावर जुलै १९४२ मध्ये पंतप्रधान चर्चिल यांच्याविरुद्ध अविश्वासाचा ठराव आला आणि तो ४७५ विरुद्ध २५ मतांनी फेटाळला गेला. त्यामुळे युद्ध हरले गेले नाही. १९४३ मध्ये बंगालच्या दुष्काळाविषयी भारतमंत्री (भारताचा कारभार पाहणारे ब्रिटिश मंत्री) अ‍ॅमरी यांना तिथे प्रश्नांना सामोरे जावे लागले. ती उत्तरे आज वाचताना संताप येतो, पण तो येऊ शकतो, कारण ती उत्तरे नोंदलेली आहेत.

आपल्याकडील अलीकडची उदाहरणे थोडक्यात सांगतो. कारगिलच्या वेळी लोकसभा विसर्जित झालेली होती आणि मागणी होऊनही राज्यसभेची बैठक बोलावली गेली नाही. त्या युद्धाचा आढावा घेणाऱ्या सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये काही भाग वगळून संसदेत ठेवला गेला, हे त्या सरकारचे चांगले पाऊल होते. जून २०२० मध्ये गलवानमध्ये वीस जवानांनी प्राण दिले. त्यानंतरच्या पहिल्याच अधिवेशनात, महामारीच्या कारणास्तव, प्रश्नोत्तराचा तास वगळला गेला आणि लेखी उत्तरांचे अतारांकित प्रश्न तेवढे उरले. संरक्षणमंत्र्यांनी १५ सप्टेंबरला लोकसभेत निवेदन केले. लोकसभेच्या नियम ३७२ नुसार मंत्र्याच्या निवेदनाच्या वेळी प्रश्न विचारता येत नाही, त्यामुळे सदस्यांनी ते ऐकून घेतले. दोन दिवसांनी राज्यसभेत मात्र, तेथील प्रघाताप्रमाणे, सदस्यांनी स्पष्टीकरणे मागितली आणि मंत्र्यांनी ती दिली. एकाच विषयावर एका सभागृहात जे चालले, ते दुसऱ्यात चालू नये, याला नियमाच्या शब्दांपलीकडे कारण दिसत नाही.

गेल्या काही वर्षांतील सर्वात ठळक उदाहरण २०२५ मधले आहे. ७ मे रोजी ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू झाले आणि १० मे रोजी गोळीबार थांबला. विशेष अधिवेशनाची मागणी झाली, परंतु संसद २१ जुलैला बसली आणि लोकसभेत चर्चा २८ व २९ जुलैला झाली. मधल्या काळात सात सर्वपक्षीय शिष्टमंडळे परदेशांत गेली. श्रीकांत शिंदे आणि सुप्रिया सुळे या महाराष्ट्रातील खासदारांनी त्यांपैकी दोघांचे नेतृत्व केले आणि देशाची बाजू एकमुखाने मांडली, याचा अभिमान आहे. पण ज्या सदस्यांवर परकीय सरकारांच्या प्रश्नांना उत्तरे देण्याइतका विश्वास टाकला गेला, त्यांना स्वतःच्या सरकारला सभागृहात प्रश्न विचारण्यासाठी जुलै उजाडावा लागला. लढाऊ विमाने गमावल्याची स्पष्ट कबुली ३१ मे रोजी संरक्षण दलप्रमुखांनी सिंगापूरमध्ये एका परदेशी वृत्तसंस्थेला दिलेल्या मुलाखतीत आली. ती संसदेत, जबाबदार मंत्र्याच्या तोंडून यायला हवी होती. त्यात सेनाधिकाऱ्यांचाही सन्मान राखला गेला असता, कारण राजकीय उत्तरांचे ओझे त्यांच्यावर पडू नये.

मी सातारा जिल्ह्यातला आहे. इथे सैन्यात माणूस नसलेले गाव शोधावे लागते. अशा घरांतल्या लोकांचे प्रश्न फार साधे असतात आणि त्यांत गुप्त असे काहीच नसते. जखमीला कुठे हलवले, निवृत्तिवेतन कधी सुरू होईल, बेपत्ता म्हणून कळवलेल्या मुलाचा शोध कोण घेत आहे, पूंछमध्ये तोफगोळ्यांनी पडलेल्या घरांची भरपाई किती मिळाली, असे ते प्रश्न असतात. १९७१ च्या युद्धानंतर पाकिस्तानच्या कैदेत राहिल्याचे मानले गेलेल्या चाळीस जवानांची नावे लोकसभेसमोर आली, ती १९७९ मध्ये, एका सदस्याच्या प्रश्नाला दिलेल्या उत्तरात. त्या कुटुंबांसाठी तो प्रश्न किती मोलाचा होता, हे त्या उत्तराला लागलेल्या आठ वर्षांवरून समजावे.

म्हणून माझे मागणे असे आहे. सैन्याची मोठी कारवाई सुरू झाल्यास ठरावीक मुदतीच्या आत दोन्ही सभागृहे बोलावण्याचे वचन सरकारने लेखी द्यावे. युद्धाच्या कारणावरून प्रश्नोत्तराचा तास स्थगित करण्याचा प्रस्ताव सरकारने कधीही मांडू नये, विरोधकांची संमती असली तरीही, कारण १९६२ ची स्थगिती सहमतीचीच होती. पंधरा दिवसांची सूचना युद्धाच्या वेगाला पुरी पडत नाही आणि अल्पसूचना प्रश्नाला, म्हणजे त्याहून कमी मुदतीत विचारलेल्या प्रश्नाला, आज मंत्र्याची संमती लागते. तेव्हा अशा काळात आठवड्यातून एक दिवस संरक्षण, गृह, परराष्ट्र आणि अर्थ या खात्यांच्या मंत्र्यांनी अल्पसूचना प्रश्न स्वीकारणे बंधनकारक असावे. नियम ३७२ मध्ये दुरुस्ती करून लोकसभेतही निवेदनानंतर स्पष्टीकरणे विचारू द्यावीत. उत्तर राखून ठेवल्यास ते किती काळासाठी राखले आहे, हे मंत्र्याने सांगावे आणि ती मुदत संपल्यावर उत्तर पटलावर ठेवावे.

नियमांत बदल करणे हे अध्यक्षांच्या आणि नियम समितीच्या अखत्यारीत येते, याची मला जाणीव आहे. मात्र समितीपुढे सरकारची संमती घेऊन जाणे आपल्या हाती आहे. या क्षणी देशात शांतता असताना हे काम शांत डोक्याने होऊ शकते. येत्या अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यात आपण या मागण्यांवर सरकारची भूमिका सभागृहात स्पष्ट करावी आणि त्या वेळी सदस्यांना आपल्याला प्रश्न विचारू द्यावेत, अशी विनंती करतो.

आपला विश्वासू,
एक नागरिक व मतदार,
जिल्हा सातारा