दवाखान्याची वेळ आणि शिवाराची वेळ

महोदय,

खेड्यातला पुरुष दुखणे अंगावर काढतो, हे खरे आहे. पण दर वेळी त्याचे खापर त्याच्या हलगर्जीपणावर फोडले जाते, ते पटत नाही. दवाखाना उघडतो तेव्हा तो शेतात किंवा मजुरीवर असतो आणि कामावरून सुटतो तेव्हा दवाखान्याला कुलूप असते. पेरणी-कापणीत एक दिवस मोडला तर मजुरी बुडतेच, कधी हंगामही हुकतो.

त्यातही एका दिवसात भागत नाही. मधुमेहाची तपासणीच घ्या. पहिल्या दिवशी डॉक्टरांना दाखवायचे. उपाशीपोटी रक्त द्यायला दुसऱ्या दिवशी यायचे, कारण त्याआधी किमान ८ तास पोटात काही नको. रिपोर्टसाठी तिसरी खेप. बहुतेक जण दुसऱ्या खेपेलाच गळतात. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर सांगणाऱ्या तपासणीला मात्र उपाशी राहावे लागत नाही, रक्त पहिल्याच भेटीत घेता येते. आकडा ६.५ टक्के किंवा जास्त आला तर मधुमेह धरतात. त्रास काहीच नसेल तर पुन्हा तपासून खात्री करतात. रक्तक्षय असेल तर हा आकडा फसवू शकतो, तेवढे डॉक्टरांनी पाहावे. जिथे ही सोय आहे तिथे रुग्णाला उद्या उपाशी या म्हणून परत पाठवू नये. रिपोर्ट फोनवर कळवता येतो.

गोळ्यांचेही तसेच. रक्तदाबाच्या गोळ्या दर ३० दिवसांनी दिल्या तर वर्षाला बारा खाडे पडतात. रक्तदाब आटोक्यात आल्यावर ९० दिवसांच्या दिल्या तर चारच. वाढलेला रक्तदाब बहुधा जाणवत नाही, गोळी थांबवली तरी दुसऱ्या दिवशी काही बिघडलेले दिसत नाही. मग माणूस स्वतःला बरा झालो समजतो, आणि पुढे एके दिवशी अर्धांगाचा झटका येतो. म्हणून पहिली चिठ्ठी देतानाच त्याला सांगायला हवे : बरे वाटले तरी, विचारल्याशिवाय गोळी सोडायची नाही.

पुरुष माल विकायला जिथे जमतात तिथेही रक्तदाब मोजता येईल. पण ओझे उतरवून आलेल्या माणसाला उभ्या उभ्या पट्टा बांधला तर आकडा चुकतो. पाच मिनिटे पाठ टेकवून बसवावे, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर. बाहीवरून पट्टा नको. आधीचा अर्धा तास तंबाखू, चहा नको. दोनदा मोजावे. १४०/९० किंवा त्याहून जास्त आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजल्यावरच निदान करावे.

सर्वांत कमी बोलली जाणारी अडचण दवाखान्यात नाव नोंदवायच्या खिडकीवर आहे. ‘काय होतंय?’ हा प्रश्न मोठ्याने येतो, मागे रांगेत शेजारी आणि नात्यातली माणसे उभी असतात. लघवीला धार येत नाही, अंडकोष सुजलाय किंवा लैंगिक संबंधात ताठरता राहत नाही, हे तिथे कोण सांगेल? माणूस ‘अंग दुखतंय’ म्हणतो आणि वेदनाशामक घेऊन परततो. ताठरता न राहणे हे मधुमेहाचे किंवा रक्तवाहिन्या अरुंद होत असल्याचे पहिले लक्षण असू शकते. शरमेपोटी तेच दडते.

खिडकीवर फक्त नाव आणि वय विचारावे. त्रास काय तो दार लावून, आतल्या खोलीत विचारावा. आणि आठवड्यातले निदान दोन दिवस दवाखाना अंधार पडल्यावरही उघडा ठेवावा.

– ग्रामीण आरोग्यसेवेतील काही कार्यकर्ते